लांबचा देशांतर्गत विमानप्रवास: सीट, हवा आणि अपग्रेड

मी सहा फूट दोन इंच. मुंबई-गुवाहाटी प्रवासात गुडघे पुढच्या सीटला टेकतात. मोठं विमान शोधू का? (पुणे)

विमान मोठं म्हणून सीट ऐसपैस, असं नसतं. एअरबस ए-३२०च्या इकॉनॉमीत सीट साधारण १८ इंच रुंद असते, बोईंग ७३७मध्ये १७. एका रांगेत नऊ सीट असलेल्या अवाढव्य ७८७ ड्रीमलायनरमध्येही ती जेमतेम १७ इंचच! खांदे आखडत असतील तर ए-३२० बरं. गुडघ्यांचा प्रश्न मात्र दोन रांगांतल्या अंतराचा, आणि ते एअरलाइन ठरवते. तुम्ही सरळ आपत्कालीन दाराजवळची सीट घ्या. जास्तीचे पैसे तीन तासांत वसूल होतात. ए-३२०मध्ये अशा दोन रांगा लागोपाठ असतील, तर मागची निवडा. पुढच्या रांगेतल्या सीटची पाठ सहसा मागे झुकत नाही.

आई सत्तरीची आहे. विमानातून उतरल्यावर दिवसभर थकलेली असते. (नाशिक)

आईंसाठी ड्रीमलायनर किंवा ए-३५० मिळालं तर जरूर घ्या. इतर बहुतेक विमानांत केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते. या दोघांत ती ६,००० फुटांच्या आसपास राखतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडीच विरळ. पण देशांतर्गत मार्गांवर ही विमानं मोजक्याच फेऱ्यांना असतात. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

काउंटरवर गोड बोललं, वाढदिवस सांगितला, तर अपग्रेड मिळतं का? (ठाणे)

त्या आशेवर राहू नका. अनेक देशांतर्गत विमानांत सगळ्याच सीट इकॉनॉमीच्या असतात, मग वर सरकायचं कुठे? जिथे वरचे वर्ग आहेत तिथे रिकाम्या जागा आधी बोली (वरच्या वर्गासाठी प्रवाशाने देऊ केलेली रक्कम), आधीच्या प्रवासांतून साठवलेले पॉइंट्स आणि चेक-इनच्या वेळच्या जादा पैशांवर जातात. एअर इंडियाच्या नव्या रचनेच्या ए-३२०निओत बिझनेसच्या फक्त ८ सीट आहेत, प्रीमियम इकॉनॉमीच्या (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) २४. म्हणून बोली प्रीमियम इकॉनॉमीसाठी लावा. सोमवार सकाळची दिल्ली-मुंबई फेरी टाळा, ती नोकरदारांनी भरलेली असते. आठवड्याच्या मधली दुपार बरी. चौघांचं तिकीट एकत्र असेल, तर चार जागा एकदम रिकाम्या लागतात, हेही धरून चाला.

बिझनेसचं तिकीट असताना इकॉनॉमीत बसवलं तर? (नागपूर)

गप्प बसू नका. २०२३पासून डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम आहे: देशांतर्गत प्रवासात तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर करांसह तिकिटाचे ७५ टक्के पैसे परत मिळायला हवेत. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि लेखी मागणी करा.