घरच्या कॉम्प्युटरवर आधी हे करा

अँटिव्हायरस कुठला घ्यावा, हा प्रश्न नंतरचा. आधी घरातल्या प्रत्येकाला वेगळं युजर अकाउंट करून द्या, आणि रोजचं काम अ‍ॅडमिन अकाउंटमधून (म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायची मुभा असलेल्या अकाउंटमधून) करू नका. सगळं घर एकाच लॉगिनवर बसत असेल, तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले तुमचे पासवर्ड कुणालाही बघता येतात: सेटिंग्जमध्ये जायचं, डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करायचं, फार तर विंडोजचा पिन टाकायचा. तो पिन तर घरात सगळ्यांनाच पाठ असतो!

दुसरं, लॉगिनचा पासवर्ड म्हणजे डिस्कला कुलूप नव्हे. साधी, एन्क्रिप्ट न केलेली (म्हणजे आतली माहिती सांकेतिक रूपात न बदललेली) हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइल्स सरळ वाचता येतात. म्हणून एन्क्रिप्शन चालू करा. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यावर डिस्क उघडणारा कोड) मात्र कागदावर उतरवून ठेवा, त्याच कॉम्प्युटरवर नको. पासवर्ड विसरलात आणि कीही हरवली, तर डेटा तुम्हालाही परत मिळत नाही.

इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोवर, फार भिस्त ठेवू नका. हिस्टरी तुमच्या मशीनवर राहत नाही, इतकंच. तुम्ही कुठली साइट उघडली हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला सहसा कळतंच. वेबकॅमवर मात्र खुशाल कागदाची पट्टी चिकटवा.