कृषी सल्ला: कोंबडीखाली ठेवलेली बदकाची अंडी का वाया गेली?

प्रश्न (राधानगरी तालुका): गावठी कोंबडी रवणीला (अंडी उबवायला) बसवली. खाली दहा कोंबडीची आणि पाच बदकाची अंडी एकाच दिवशी ठेवली. कोंबडीची आठ पिल्ली निघाली, बदकाचं एकही नाही. अंडी फोडली तर आत पिसं आलेली मेलेली पिल्ली होती.

उत्तर: पिसं येईपर्यंत वाढ झाली, म्हणजे अंडी फळलेली होती. गणित चुकलं ते दिवसांचं. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, बदकाला २८ लागतात, मस्कोव्ही बदकाला तर ३५. पिल्ली चिवचिवू लागली की कोंबडी त्यांना घेऊन उठते. मागे राहिलेली अंडी गार पडतात, त्यात आपल्याकडची पावसाळी हवा.

दोन्ही एकत्र बसवायचीच असतील तर बदकाची अंडी सात दिवस आधी ठेवा. आमचं मत विचाराल तर एका कोंबडीखाली एकच जात बरी: कोंबडीची १० ते १२ किंवा बदकाची सात-आठ. पंधरा अंडी पंखाखाली मावत नाहीत, कडेची गारठतात.

बदकाचं अंडं जड असतं, कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही. पेन्सिलीने एका बाजूला फुली मारा आणि कोंबडी दाणापाण्याला उठली की हाताने फिरवा. बदकीण पाण्यातून ओल्या पिसांनी येऊन बसते, त्यामुळे अंड्याला ओल मिळते. कोंबडी कोरडीच बसते. म्हणून दहाव्या दिवसानंतर रोज एकदा कोमट पाण्याचा हलका शिपका द्या, नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. शेवटचे तीन दिवस मात्र अंडी हलवू नका.

बुट्टीत पिंजर (वाळलेलं गवत) कोरडं हवं. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत आणि ती धुऊ तर अजिबात नका. कवचावरचा संरक्षक थर निघून जंतू आत शिरतात. सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा.

प्रश्न (शाहूवाडी): कोंबडा नाही, तरी कोंबडी अंडी देते. ती बसवावीत का? कवचही पातळ आहे.

उत्तर: अंडं तयार व्हायला कोंबडा लागत नाही, फळायला लागतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. तोवर ही अंडी खा किंवा विका. अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले २० एकट्या कवचाला, तेही बरेचसे रात्री. म्हणून कवचाला लागणाऱ्या कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. पिल्लांच्या खाद्यात तो मिसळू नका, मूत्रपिंडं बिघडतात.

आणि कोंबडी रिकाम्या बुट्टीत खुडूक होऊन बसली, तर तिच्या नाकात पीस खुपसू नका. जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी चालू ठेवा. पोटाखालची ऊब गेली की खुडूक मोडते.