ताई, ह्याला धपाटं म्हणायचं का?

प्रश्न : ताई, आम्ही पाच मैत्रिणी परभणीच्या एकाच शाळेतल्या, आता कुणी नांदेडला कुणी पुण्याला. दिवाळी झाल्यावर छत्रपती संभाजीनगरला भेटलो आणि एकीच्या मुलानं सुचवलेल्या फ्यूजन रेस्टॉरंटमधे जेवायला गेलो. धपाट्याचा टाको, हुरड्याचा रिसोटो, दह्याची एक गोळी जी तोंडात टाकली की फुटते, आणि शेवटी बासुंदीचा पन्नाकोटा असं मागवलं. मला लई आवडलं, पण आमची एक मैत्रीण पहिल्या घासालाच चिडली, "ह्याला धपाटं म्हणायलेत का हे लोक? नुसतं कुरकुरीत बिस्कीट आहे, आन् ठेचा तर लागतच नाही." तिथून जो वाद सुरू झाला तो बिलापर्यंत, बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला म्हणून अजूनच. आमच्यातली एक माळकरी आहे, ती बिचारी शांतपणे सगळं खात होती. जानेवारीत परत भेटायचंय. चिडलेलीला पुन्हा अशा ठिकाणी न्यावं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला मजा आली ते खरंच आहे, पण तुझी मैत्रीण जे बोलली ना ते अगदी बरोबर बोलली, आणि ती जुन्या विचाराची आहे म्हणून नाही तर तिची जीभ शाबूत आहे म्हणून.

धपाटं कसं होतं बघ. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, तिखट, कोथिंबीर, ताकात भिजवायचं आणि ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं, मधे बोटानं भोक पाडून तेल सोडायचं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून ते पीठ गव्हासारखं ताणत नाही, गरम आहे तोवर वाकतं आणि गार झालं की मोडतं. आता त्याचा टाको, म्हणजे मेक्सिकोची ती दुमडून सारण भरलेली पोळी, करायचा तर दोनच रस्ते, एक तर तव्यावरून काढल्या काढल्या लाटण्यावर दुमडायचं आणि लगेच वाढायचं, नाहीतर पिठात मैदा घालून तळून ठेवायचं. दुसरा रस्ता सोपा, शंभर नग आधी करून ठेवता येतात, पण मग ज्वारी जाते आणि मैत्रीण म्हणते तसं बिस्कीट उरतं. पुढच्या वेळी एक तुकडा मोडून आधी वास घ्या, भाजलेल्या ज्वारीचा वास आला तर करणाऱ्याला धपाटं येतं समजायचं. ठेच्याचंही तसंच, मिरचीतला तिखटपणा चरबीत विरघळतो, त्यामुळे मेयोनीजमधे किंवा चीजमधे ठेचा कालवला की तो मुका होतो. बाजूला कच्चा ठेवला असता तर बोलला असता.

आणि दिवाळीत हुरडा कुठून आला गं? आपली रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, कणीस हुरड्याला येतं ते डिसेंबरच्या शेवटापासून. म्हणजे तुम्ही खाल्लं ते फ्रीजरमधलं तरी असेल नाहीतर भिजवून शिजवलेली ज्वारी. रिसोटो म्हणजे इटलीचा मऊ भात, त्याचा मऊपणा त्या तांदळाच्या स्टार्चनं येतो, ज्वारी तेवढा सोडत नाही, म्हणून मग क्रीम आणि चीज ओतावं लागतं. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण हुरड्याचं नाव घेतलं की आपल्या माणसाच्या डोळ्यापुढे शेत, गोवऱ्यांची आगटी आणि हातावर चोळलेलं गरम कणीस येतं, ते नाव असं मेनूकार्डावर बारा महिने वापरू नये.

पण म्हणून मिसळणंच वाईट, असं मैत्रिणीनं म्हणू नये. ज्वारी मूळची आफ्रिकेची, मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलेले, म्हणजे भाकरी-ठेचा-शेंगदाण्याची चटणी हे ताटच तीन समुद्र ओलांडून आलंय. संभाजीनगरचा नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा घे, १३२७ च्या सुमारास तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा लष्करासोबत तो आला असं सांगतात, आणि आज तो इथलाच आहे. दह्याची ती गोळी पण बघ, कोलकात्याच्या गगन आनंद ह्यांनी २०१० मधे बँकॉकला रेस्टॉरंट काढलं तिथून ती गाजली. दह्यातलं कॅल्शियम आणि समुद्रशेवाळातून काढलेलं अल्जिनेट भेटलं की बाहेर पातळ पापुद्रा धरतो आणि आत दही पातळच राहतं. त्यात दही दहीच लागतं, म्हणून ती मला आवडते. मागच्या वर्षी मी पुण्यात येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी छोट्या कपात प्यायले, वरून थाई लिंबाच्या पानाचा वास होता. येसर इतकं नीट भाजलेलं की पहिल्या घोटाला मला उदगीरचं आमचं स्वयंपाकघर आठवलं, आणि लिंबाच्या पानानं काही बिघडवलं नव्हतं. आधी आमटी यायला पाहिजे, मग पान.

माळकरी मैत्रिणीचं मात्र मला मनाला लागलं. पन्नाकोटा म्हणजे इटलीची साईची थंड वडी, ती बहुतेक ठिकाणी जिलेटिननं जमवतात, ते जनावराच्या कातडी-हाडांपासून काढतात. इटलीचं खरं पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध फाडणाऱ्या रसानं, करतात आणि रिसोटोत तेच घालायची पद्धत आहे. ऑर्डर देण्याआधी सरळ विचारा, जिलेटिन आहे का चायना ग्रास, रेनेट कुठलं. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ती स्वतः विचारणार नाही म्हणून तुम्ही विचारा.

सर्व्हिस चार्जचं म्हणशील तर तो देणं तुमच्या मर्जीवर आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मधेच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. काढा म्हणायचं, नाही काढला तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची. जीएसटी वेगळा, तो सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो.

आता जानेवारीचं. तिला नक्की न्या, पण सकाळी आधी एखाद्या शेतावर हुरडा खाऊन घ्या, गूळ आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत, आणि संध्याकाळी रेस्टॉरंटात ऑर्डर तिला देऊ द्या.

प्रश्न : ताई, जालन्यात लेकाच्या वाढदिवसाला धूर निघणारी कुल्फी मागवायचीय. लेकरांना चालते का?
— एक आई, जालना

उत्तर : तो धूर बहुतेक द्रव नायट्रोजनचा असतो, उणे १९६ अंशाचा. कुल्फी गोठल्यावर तो पूर्ण उडून गेला, वाटीत तळाला थेंबभरही उरला नाही, तरच खायला द्यायची, तोवर लेकरांची बोटं आणि तोंड लांब. काही ठिकाणी कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, वापरतात, तो उणे ७८ अंशाचा आणि त्याचे खडे दिसायला साध्या बर्फासारखेच. २०२४ मधे गुरुग्राममधे जेवणानंतर मुखवास म्हणून तो तोंडात गेल्यानं लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. लेकरं पाच-सहा वर्षांची असतील तर तू धुराची कुल्फी नको मागवू बाई, मटक्यातली दे.