'कोशर' वाइन आणि लेबलावरचा हुरडा

प्रश्न असा आला आहे: स्पेनमधल्या एका रेड वाइनच्या बाटलीवर 'कोशर' आणि 'पेराज हाअबिब' असं लिहिलंय. कोशर म्हणजे पवित्र, तर मराठीत 'पवित्र वाइन' म्हणावं का? आणि हबीब म्हणजे मित्र, मग ही 'मित्राची वाइन' का?

दोन्ही नाही.

'पवित्र' हे भाषांतर इतक्यांदा वाचलंय की आता संताप येतो. पवित्र यासाठी हिब्रूत 'कादोश' हा वेगळा शब्द आहे. 'कोशर'चं मूळ रूप 'काशेर'. अर्थ योग्य, नियमात बसणारं. बायबलातली एस्तेर राणी राजाला विनवते, ही गोष्ट आपल्याला 'काशेर' वाटत असेल तर अमुक करा. तिथे खाण्यापिण्याचा संबंधही नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या उच्चारात त्याचं 'कोशर' झालं आणि तेच जगभर पसरलं. मराठीत यासाठी अगदी नेमका शब्द आहे: चालणारं. उपासाला साबुदाणा चालतो, कांदा चालत नाही. ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमांत त्यातलं 'चालतो' म्हणजे कोशर. रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मंत्र म्हणतो आणि वाइन कोशर होते, हेही खरं नाही.

काही जाणकार 'सोवळ्यातली वाइन' सुचवतात. मला ते पटत नाही, कारण मासा कोशर ठरतो तो पर आणि खवले असल्यामुळे. तिथे सोवळं कुठून आलं? वाइनपुरतं मात्र स्पर्शाचं बंधन खरंच आहे. द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक विश्रांती, पाळणाऱ्या ज्यूंचेच हात लागायला हवेत. मूर्तीला वाहिलेली वाइन चुकूनही पोटात जाऊ नये, ही त्यामागची जुनी काळजी. वाइन तापवून घेतली की ती 'मेवुशाल', म्हणजे शिजवलेली. मग ती कुणीही ओतली तरी चालते.

आता नावाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ते स्पॅनिश वाचकाच्या सोयीने लिहिलंय. स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'ख'च्या जवळचा, आणि 'ब' व 'व' यांच्यात फरक नाही. म्हणून वाचायचं 'पेराख हा-अवीव': वसंताचं फूल. 'हा' हे इंग्रजी 'द'सारखं हिब्रूतलं उपपद आहे, त्याचा अरबी 'हबीब'शी काडीचा संबंध नाही. तेल अवीवमधला अवीव तोच हा.

पण 'अवीव' म्हणजे वसंत हा अर्थ नंतरचा. बायबलातल्या निर्गमच्या पुस्तकात गारांनी जव झोडपला गेला, कारण तो 'अवीव' होता, म्हणजे कणसात आला होता. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात तर पहिल्या पिकाचा 'अवीव' विस्तवावर भाजून अर्पण करायला सांगितलाय. हिरवं कणीस, विस्तवावर भाजलेलं! याला हुरडा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आपला ज्वारीचा, थंडीतला. त्यांचा जवाचा, वसंतातला. जव कणसात येतो तो महिना अवीवचा, त्यातच वल्हांडण हा ज्यूंचा सण, आणि वल्हांडणाच्या रात्री वाइनचे चार पेले, शक्यतो लाल. माझं ठाम मत आहे की कणसापासून पेल्यापर्यंतची ही सगळी साखळी या एका नावात आली आहे. मराठी बायबलात मात्र महिन्याचं नाव नुसतं 'अबीब' असं ठेवून दिलंय. इतका घरचा शब्द हाताशी असताना निदान तळटीप तरी द्यायची.

ही वाइन कातालोनियातल्या मोन्सांत भागातली, काप्सानेस गावच्या सहकारी वाइनरीची. मोन्सांत म्हणजे पवित्र डोंगर. पवित्र काही हवंच असेल तर ते इथे आहे. १९३३ साली स्थापन झालेली ही संस्था बरीचशी वाइन घाऊक विकायची. १९९५ साली बार्सिलोनाच्या ज्यू समाजाने त्यांच्याकडे कोशर वाइन मागितली. ज्यूंना स्पेनमधून १४९२ साली हाकललं होतं, हे लक्षात घेतलं की या मागणीचं वजन कळतं. कोशरसाठी वेगळ्या टाक्या, नवी यंत्रं घ्यावी लागली. त्यातून गावाची सगळीच वाइन सुधारली. जुन्या वेलींची गार्नाचा आणि कारिन्येना या जातींची द्राक्षं ही तिथली खरी दौलत, जोडीला काबर्ने. यातली कारिन्येना १९व्या शतकाच्या अखेरीस रॉथ्सचाइल्ड या श्रीमंत ज्यू बॅरनच्या मळ्यांतून पॅलेस्टाइनलाही पोचली आणि पुढे कितीतरी दशकं इस्रायलमधल्या वाइनचा कणा होती.

आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना, म्हणजे शनिवार तेल्यांना, अशी वाइन मिळत नव्हती. ते काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेल्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथ आणि सणांची पेल्यावरची प्रार्थना, म्हणत आले. काहीजण त्याला 'वाइनची नक्कल' म्हणतात. त्यांनी तालमूद हा ज्यूंचा जुना धर्मशास्त्रग्रंथ पाहावा: मनुकांची वाइन किद्दुशला तिथेही चालते.