सरासरी उत्तम असताना सगळ्यात वाईट डब्याचा अंदाज कसा लावायचा?

तुम्ही विचारलंय की डबाबंद अन्नाच्या रिटॉर्टमध्ये (डबे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करण्याच्या भांड्यात) एफ-झीरोची (डब्याला मिळालेली उष्णता 121.1 अंशाच्या किती मिनिटांइतकी मारक, या आकड्याची) सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही ठीक आहेत, तर नॉर्मल वक्राच्या (घंटेच्या आकाराच्या आलेखाच्या) शेपटावरून, म्हणजे कडेच्या निमुळत्या भागावरून, लाखातल्या एखाद्या डब्याचा धोका काढावा का?

काढू नका. मी हे करून फसलो आहे. तो वक्र मधल्या गर्दीला बसतो, आणि माणूस आजारी पडतो तो कडेच्या डब्यानं.

121.1 अंश सेल्सिअसला बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू एक दशांशावर यायला साधारण 0.21 मिनिट लागतं. अशी घट बारा वेळा व्हायची तर 2.52 मिनिटं, म्हणून एफ-झीरो किमान 3 मिनिटं धरतात. तापमान 10 अंशांनी उतरलं की मारकता दहा टक्केच उरते. म्हणजे ट्रॉलीच्या कोपऱ्यातला एखादा डबा सतत 2 अंश मागे राहिला, तर त्याच्या 3 मिनिटांची किंमत जेमतेम 1.9. सरासरीत तो दिसणारही नाही.

म्हणून प्रत्येक बॅचमधलं सगळ्यात कमी एफ-झीरो तेवढं उचला. एकच का, तर वाफेचा दाब पडला की त्या बॅचमधले सगळे डबे एकदम खाली येतात, त्यामुळे ती रीडिंग स्वतंत्र नसतात. या किमान आकड्यांना उणे चिन्ह लावलं की कमालाचं गणित चालतं. फिशर आणि टिपेट या संख्याशास्त्रज्ञांनी 1928 मध्ये दाखवलं की अशा टोकाच्या आकड्यांना मर्यादेत तीनच आकार मिळू शकतात; ते तिन्ही पुढे एकाच सूत्रात मावले. त्यातल्या शेप पॅरामीटरला, म्हणजे शेपूट किती लांब ते ठरवणाऱ्या आकड्याला, जपा. बॅच कमी असल्या तर त्याचा अंदाज फार हलतो, म्हणून एका आकड्यावर न थांबता कॉन्फिडन्स इंटरव्हलचं (अंदाज ज्या पट्ट्यात असू शकतो त्याचं) वाईट टोक बघूनच निर्णय घ्या. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सगळ्यात थंड जागी लावलेलाच नसेल, तर मात्र पुढचं सगळं गणित वाया.

मी बॅचवार किमान आकडे गुम्बेल आलेखावर (टोकाचे आकडे तीनपैकी एका आकाराचे असतील तर सरळ रेषेत येतात अशा आलेखावर) मांडले तेव्हा दोन ठिपके रेषेपासून लांब पडले. लॉगबुक काढलं. दोन्ही वेळी व्हेंटिंग (वाफेनं आतली हवा बाहेर काढणं) लवकर बंद केलं होतं, आत हवा राहिली होती. ते या वितरणाचं टोक नव्हतंच, ती वेगळीच प्रक्रिया होती. त्या दोन बॅच बाजूला ठेवूनच मी बाकीच्यांना सूत्र बसवलं, आणि व्हेंटिंग पूर्ण झाल्याशिवाय टायमर सुरूच होणार नाही असं इंटरलॉक (अडवणारी यंत्रणा) बसवून घेतलं.