दहावीला बेसिक गणित घ्यावं की स्टँडर्ड?

तुमची मुलगी म्हापशाच्या सीबीएसई शाळेत नववीत आहे, गणितात साठ-पासष्ट मार्क पडतात आणि शाळा बेसिक घ्यायला सांगतेय, असं तुम्ही लिहिलंय. आजच्या मार्कांवरून ठरवू नका. अकरावीत ती काय घेणार ते आधी बघा.

बेसिक आणि स्टँडर्ड हे दहावीच्या गणिताचे दोन पर्याय. पुस्तक, अभ्यासक्रम, वर्गातलं शिकवणं आणि शाळेकडचे 20 मार्क दोन्हीला एकच. 80 मार्कांच्या पेपरात प्रश्नही तेवढेच, 38. वेगळी असते ती काठिण्यपातळी. बेसिकमध्ये 60 मार्क आठवण आणि आकलनावर जातात, स्टँडर्डमध्ये 43. बाकीचे मार्क डोकं लावून सोडवायच्या प्रश्नांचे.

उदाहरण घ्या. पायथ्यापासून 30 मीटरवरून खांबाच्या टोकाचा उन्नत कोन (आडव्या रेषेपासून वर मोजलेला) 30°, तर उंची किती? हे बेसिकचं गणित, एका ओळीत सुटतं. स्टँडर्डला असं येईल: 60 मीटर उंच दीपगृहावरून एकाच रेषेतल्या दोन होड्यांचे अवनत कोन (आडव्या रेषेपासून खाली मोजलेले) 45° आणि 30°, तर होड्यांमधलं अंतर काढा. उत्तर 60(√3 − 1), म्हणजे सुमारे 44 मीटर. इथे मुलं अवनत कोन आडव्या रेषेपासून न घेता दीपगृहाच्या उभ्या रेषेपासून घेतात. 45° ला तरीही उत्तर बरोबर येतं, त्यामुळे चूक लपते. 30° ची होडी मात्र 34.6 मीटरवर, म्हणजे जवळच्या होडीपेक्षाही अलीकडे येते. आकृती नीट काढायची आणि उत्तर पटतं का ते बघायची सवय लावली, तर साठ-पासष्टवाली मुलगी स्टँडर्ड नक्की पेलेल.

आता अकरावी. इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर मनात असेल तर मॅथेमॅटिक्स हा विषय लागणार, आणि त्यासाठी स्टँडर्डच घ्या. बेसिकवाल्यांना अकरावीत ते घेऊ देण्याची सवलत बोर्डाने मध्ये दिली होती, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. बारावीत मॅथेमॅटिक्समध्ये कॅल्क्युलसच (कलनशास्त्र) 35 मार्कांचं असतं. कॉमर्सकडे कल असेल तर अप्लाइड मॅथेमॅटिक्स चांगलं: कॅल्क्युलस 15, आर्थिक गणित 15 (ईएमआय, घसारा वगैरे), शिवाय संभाव्यता. व्हेक्टर, त्रिमिती भूमिती त्यात नाही. मॅथेमॅटिक्स आणि अप्लाइड हे दोन्ही विषय एकत्र घेता येत नाहीत. गोव्यात दहावीनंतर बरीच मुलं गोवा बोर्डाच्या हायर सेकंडरीत जातात. तोच विचार असेल तर बेसिकवर सायन्सला गणित देतात का, हे त्या हायर सेकंडरीत आत्ताच विचारून ठेवा.

गणित दहावीनंतर सोडायचंच आहे, तर बेसिक घ्यायला अजिबात कमीपणा नाही.

एक काळजी घ्या: दहावीला स्टँडर्डचा कोड 041, बेसिकचा 241. बारावीला 041 म्हणजे मॅथेमॅटिक्स आणि 241 म्हणजे अप्लाइड, त्यामुळे घोटाळा होतो. दहावीच्या वर्षी शाळा बोर्डाकडे नावं पाठवते, तेव्हा मुलीच्या नावापुढचा कोड स्वतः वाचून मगच सही करा.