जर्नलसीटीएलच्या नोंदींचे रंग स्वतःच्या पसंतीने बदलता येतात का?

आपला प्रश्न असा आहे की, टर्मिनलची पार्श्वभूमी पांढरी असल्यामुळे जर्नलसीटीएलने (लिनक्समधल्या सिस्टमच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने) दाखवलेल्या वॉर्निंगच्या ओळी फिकट पिवळ्या दिसतात व वाचता येत नाहीत, आणि टर्मिनलच्या सेटिंगमध्ये पिवळा रंग गडद करून पाहिला तरी त्या जशाच्या तशा राहतात. सरळ उत्तर द्यायचे तर जर्नलसीटीएलमध्ये पातळीनुसार रंग निवडण्याची सोयच नाही. रंग प्रोग्रामच्या कोडमध्येच ठरलेले आहेत. आपली अडचण मात्र एका ओळीत सुटण्यासारखी आहे.

सिस्टमडी म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी व सांभाळणारी व्यवस्था; तिच्या प्रत्येक नोंदीला ० ते ७ अशी पातळी असते आणि आकडा जितका लहान तितकी बाब गंभीर. ० ते ३ म्हणजे एरर व त्याहून गंभीर नोंदी ठळक लाल, ४ म्हणजे वॉर्निंग ठळक पिवळ्या, ५ म्हणजे नोटीस नुसत्याच ठळक, ६ म्हणजे इन्फो साध्या आणि ७ म्हणजे डीबग करड्या रंगात येतात. यातला लाल हा टर्मिनलच्या मूळ सोळा रंगांपैकी असल्यामुळे तो सेटिंगमध्ये बदलला की इथेही बदलतो. पिवळ्याचे तसे नाही, आणि मी स्वतः याच ठिकाणी एक अख्खी संध्याकाळ थीमला दोष देत घालवली आहे. शेवटी आउटपुट ‘कॅट’ या आज्ञेला ‘-व्ही’ हा पर्याय लावून त्यातून काढले, तेव्हा एस्केप चिन्हापुढे (टर्मिनलला रंग बदलायला सांगणारे, एरवी न दिसणारे चिन्ह) ‘०;१;३८;५;१८५’ हे आकडे स्वच्छ दिसले. (पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला देऊन, काढताना रंग आपोआप बंद होतात, ते राहावेत म्हणून पुढे सांगितलेल्या व्हेरिएबलला १ ही किंमत द्यावी लागते.) त्यातला १ म्हणजे ठळक आणि ‘३८;५;१८५’ म्हणजे २५६ रंगांच्या तक्त्यातला १८५ क्रमांकाचा फिकट पिवळा. सेटिंगमध्ये आपण बदलतो ते ० ते १५ एवढेच रंग असतात, त्यामुळे १८५ ला त्या बदलाचा पत्ताच लागत नाही.

तेव्हा उपाय असा की जर्नलसीटीएलला सोळाच रंगांत राहायला भाग पाडायचे. त्यासाठी ‘सिस्टमडी_कलर्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगची) किंमत १६ करावी. आज्ञा टंकताना हे नाव रोमन कॅपिटल अक्षरांत, मधल्या अंडरस्कोरसह लिहावे आणि अंकही इंग्रजीच वापरावेत. बॅश हा शेल (टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर होम फोल्डरमधल्या बॅशआरसी फाइलमध्ये ते एक्सपोर्ट करून नवे टर्मिनल उघडावे. आता वॉर्निंगला १८५ ऐवजी ‘३३’, म्हणजे मूळ सोळांतला पिवळा मिळतो, आणि आपण गडद केलेला रंग लागू पडतो.

तरीही फरक दिसला नाही, तर घाबरू नये. ओळ ठळक असल्यामुळे पुष्कळ टर्मिनल तिच्यासाठी ३ क्रमांकाच्या साध्या पिवळ्याऐवजी ११ क्रमांकाचा उजळ पिवळा वापरतात. एक तर तोही गडद करावा, नाहीतर ठळक मजकूर उजळ रंगात दाखवण्याचा पर्याय बंद करावा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण त्याने लालाची (१ आणि ९) हीच भानगडही मिटते.

आणखी एक खाच आहे. सूडो (ॲडमिनच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्राम) लावून जर्नलसीटीएल चालवल्यास सूडो आपले व्हेरिएबल सहसा गाळून टाकतो आणि फिकट पिवळा परत येतो. नोंदी वाचण्यासाठी सूडोची गरजच पडू नये म्हणून स्वतःला ‘सिस्टमडी-जर्नल’ या गटात घालून एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करणे, हे मी अधिक नेटके मानतो.

केवळ कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश पाहायचे असतील तर डीमेसेज ही आज्ञा या बाबतीत कितीतरी उदार आहे. होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’ च्या आत ‘टर्मिनल-कलर्स.डी’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘डीमेसेज.स्कीम’ ही फाइल ठेवावी आणि तिच्यात एका ओळीला एक नाव व त्यापुढे रंग लिहावा. ‘वॉर्न मॅजेंटा’ एवढी ओळ लिहिली की वॉर्निंग जांभळट होतात. एर्र (err), क्रिट, अलर्ट, टाइम, सबसिस अशी इतर नावेही चालतात. जर्नलसीटीएलला अशी फाइल का नसावी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

सीसीझेडई या रंग भरणाऱ्या प्रोग्राममधून आउटपुट काढण्याचा सल्लाही आपल्याला कोणी देईल. त्यात रंग खरोखर हवे तसे ठरवता येतात, पण पाइपमधून जाणाऱ्या साध्या ओळीत पातळीचा आकडा नसतो. रंग ओळीतले शब्द पाहून दिला जातो, त्यामुळे ‘० एरर’ असे सांगणारी निरुपद्रवी ओळही धोक्याच्या रंगात रंगू शकते.